घाटात काटा वर चढतो तेव्हा

वीकेण्डला लोणावळा म्हटलं की आपण प्लेलिस्ट बनवतो, हॉटेलचे रिव्ह्यू वाचतो, फार तर टायरमधली हवा बघतो. पण बोरघाट चढताना डॅशबोर्डवर एक छोटासा लाल थर्मामीटर पेटला, तर? घाटाच्या पायथ्याशी एक दिवस काढून जमवलेली ही गोष्ट.

कळंबोली सोडली की मुंबई खऱ्या अर्थाने पाठीमागे पडते. एक्सप्रेस-वेचा सपाट पट्टा, भाताणचा बोगदा, माडपचा बोगदा, स्पीकरवर कोणाच्या तरी आवडीची आणि कोणाच्या तरी डोक्यात जाणारी गाणी, मागच्या सीटवर वेफर्सचं पाकीट फुटल्याचा आवाज. ए.सी. दोनवर. या टप्प्यात गाडीला तसं काही कामच नसतं. वरच्या गिअरमध्ये ती आपली गुणगुणत पळते, समोरून भरपूर वारा मिळतो आणि टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्या जरा खाली असा काही ठाण मांडून बसलेला असतो, की तो हलू शकतो हेच आपण विसरून जातो.

मग खालापूर येतं आणि समोर सह्याद्री उभा राहतो. उभा म्हणजे अक्षरश: उभा. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाही. लोणावळा सव्वासहाशेच्या घरात. मधे जेमतेम पंधराएक किलोमीटर. म्हणजे हिशेब असा, की तुमची गाडी, त्यातली पाच माणसं, त्यांच्या सॅक, बार्बेक्यूची शेगडी आणि कोणीतरी हौसेने घेतलेली गिटार, हे सगळं तुमच्या इंजिनाला दीडशेहून जास्त मजले चढवून न्यायचं आहे. लिफ्टशिवाय. आणि मे महिन्यातल्या शनिवारी दुपारी असेल तर पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या ट्रकच्या धुराकडे बघत.

तेव्हा तो काटा हलतो.

घाट थांबवतोच

बोरघाटाचा स्वभावच आहे थांबवण्याचा. या वाटेने शतकानुशतकं बैल आणि माणसं ओझी वाहत आली. चाकाच्या गाड्या चढतील असा नीट रस्ता झाला १८३० मध्ये, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या काळात. मग १८६३ मध्ये रेल्वे आली. घाटातला तिचा चढ सदतीसास एक, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना एक मीटर वर. आपल्याला हे किरकोळ वाटेल, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाने एवढं चढणं म्हणजे चेष्टा नाही. म्हणूनच मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात आणि त्यांना मागून जादा इंजिनं लागतात. रेल्वेवाले त्यांना 'बँकर' म्हणतात. बँकर जोडेपर्यंत आपण फलाटावर उतरून कर्जतचा वडा खातो. त्या वड्याच्या चवीत अर्धा वाटा त्या सक्तीच्या थांब्याचा आहे, असं माझं प्रामाणिक मत.

जुन्या रस्त्यावर खोपोलीच्या वर शिंग्रोबाचं मंदिर लागतं. घाटाची वाट साहेबाला दाखवणारा धनगर म्हणजे हा शिंग्रोबा, आणि वाट दाखवल्यावर त्याच साहेबाने त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका. ड्रायव्हर मंडळी इथे वेग कमी करतात, नाणं टाकतात, हात जोडतात आणि मग पुढे. श्रद्धेचा भाग सोडा, पण ऐन चढावर एक क्षण थांबून गाडीकडे आणि रस्त्याकडे लक्ष देण्याची ही रीत मला तरी भलतीच शहाणपणाची वाटते.

आपल्या आई-बाबांना विचारा. त्यांच्या काळात फियाट नाहीतर अॅम्बेसेडर घेऊन घाट चढायचा म्हणजे डिकीत पाण्याचा कॅन हवाच. उन्हाळ्यात घाटाच्या कडेला बॉनेट उघडलेल्या गाड्यांची रांगच दिसायची. माणसं दगडावर बसून थर्मासमधला चहा पितायत, मुलं माकडांना शेंगदाणे टाकतायत (टाकू नका, प्लीज!) आणि गाडी शांतपणे निवतेय. गाडी गरम होणं हा अपघात नव्हता, पिकनिकचा एक कार्यक्रम होता. कोणालाही त्याची लाज वाटत नसे.

मग २००२ मध्ये एक्सप्रेस-वे पूर्ण खुला झाला. त्याआधी, १९९८ मध्येच, 'गुलाम'मधल्या आमिर खानने सगळ्या देशाला खंडाळ्याचं आमंत्रण देऊन ठेवलं होतं. गाड्या बदलल्या. कूलंट आलं, इलेक्ट्रिक फॅन आले, सेन्सर आले. डोकेदुखीच्या बामच्या जाहिरातीवरून नाव पडलेला जुना अमृतांजन पूल २०२० च्या लॉकडाउनमध्ये पाडला गेला. घाटाला बगल देण्यासाठी 'मिसिंग लिंक'चा बोगदे आणि उंच पूल असलेला मार्ग आखला गेला. तरी कोकणातून देशावर जायचं म्हणजे ती उंची चढायची, ती चढायचीच. आणि आपण मात्र थांबायचं विसरलो. आता घाटात गाडी गरम झाली की पहिली भावना भीती नसते, ओशाळलेपणाची असते. मागून हॉर्न, शेजारी गप्प झालेली मित्रमंडळी... 'लोणावळ्यापर्यंत खेचू रे, दहाच मिनिटं!' हे वाक्य तिथे जन्माला येतं. घाटातलं सगळ्यांत महागडं वाक्य.

दिवा नक्की काय म्हणतो?

थोडं बॉनेटखाली डोकावू या. घाबरू नका, इंजिनीअरिंगचा पेपर नाही.

पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते, तिचा फार तर एक तृतीयांशच भाग चाकांपर्यंत पोचतो. बाकीची उष्णता. थोडी सायलेन्सरवाटे जाते, उरलेली कूलंट उचलतं आणि पुढच्या जाळीमागे असलेल्या रेडिएटरमध्ये नेऊन वाऱ्याच्या हवाली करतं. हे चक्र नीट चालू असतं तेव्हा कूलंट साधारण नव्वद-शंभर अंशांवर राहतं. पाणी शंभरला उकळतं, मग हे कसं उकळत नाही? कारण दोन: त्यात ग्लायकॉल मिसळलेलं असतं आणि घट्ट झाकणामुळे ते दाबाखाली असतं. प्रेशर कुकरचंच तत्त्व. त्यामुळे सव्वाशे अंशांच्या आसपासपर्यंत ते तग धरतं. हा कुकर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घाटात तीन गोष्टी एकदम बिघडतात. काम वाढतं, वेग कमी झाल्यामुळे समोरचा वारा जातो, आणि ए.सी. चालू असतो. ए.सी.चा कंडेन्सर बसवलेला असतो रेडिएटरच्या अगदी पुढ्यात. म्हणजे समोरून येणारी हवा आधी तुमच्या केबिनमधून काढलेल्या उष्णतेने त्यात गरम होते आणि मग रेडिएटरवर जाते. त्यात चढावर हाफ क्लच धरून गाडी तरंगत ठेवायची आपली सवय. धडधाकट गाडी हे सगळं सोसते, हेही सांगायला हवं. घाटात गाडी गरम होते ती बहुधा आधीपासून काहीतरी दुखत असलेलीच. कूलंट कमी, कुठे पाइपला चीर, फॅनचा फ्यूज उडालेला, रेडिएटर मातीने आणि किड्यांनी बुजलेला. शहरात ते दुखणं लपतं. घाट ते बाहेर काढतो, एवढंच.

आता काट्याबद्दल एक गुपित. आजच्या बऱ्याच गाड्यांमध्ये हा काटा मुद्दाम आळशी केलेला असतो. तापमान थोडं वर-खाली झालं तरी तो मधेच बसून राहतो, ग्राहकाला उगाच टेन्शन नको म्हणून. म्हणजे तो मधून हलला, की समजा प्रकरण आधीच पुढे गेलेलं आहे. अनेक गाड्यांत तर काटाच नाही, फक्त दिवे आहेत. सकाळी गाडी सुरू केल्यावर दिसणारा निळा थर्मामीटर म्हणजे 'अजून थंड आहे', तो आपोआप जातो. लाल थर्मामीटर मात्र वेगळं प्रकरण. काही गाड्यांत तो आधी लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. लुकलुकणं म्हणजे विनंती. स्थिर म्हणजे आदेश. तुमच्या गाडीची नेमकी भाषा काय, ते ग्लव्ह बॉक्समधल्या मॅन्युअलमध्ये आहे. हो, तेच प्लॅस्टिकच्या पिशवीतलं, न उघडलेलं.

आणखी एक फसवी गोष्ट. वर गेलेला काटा अचानक खाली आला, तर हुश्श करू नका. कूलंट पूर्ण वाहून गेलं असेल, तर सेन्सर नुसत्या हवेत लोंबकळत राहतो आणि खोटं सांगतो. गाडी तोवर आतून भाजत असते.

मे महिन्यात हीटर?

काटा नुकताच वर सरकलाय, वाफ नाही, लाल दिवा स्थिर झालेला नाही, आणि आजूबाजूला थांबायला इंचभर जागा नाही. घाटाच्या जॅममध्ये हे हमखास होतं. अशा वेळी आधी ए.सी. बंद करा आणि काचा खाली घ्या. मग... हीटर फुल्ल करा. हो, मे महिन्यात! सोबतचे लोक तुमच्याकडे वेड लागल्यासारखं बघतील, बघू द्या. हीटर म्हणजे केबिनमध्ये दडलेला छोटा रेडिएटरच आहे. तो इंजिनातली उष्णता ओढून तुमच्या पायांवर सोडतो. दहा मिनिटं घामाने निथळाल, पण काटा खाली यायला मदत होईल. पुढच्या गाडीला चिकटून इंच इंच सरकण्यापेक्षा अंतर सोडा, जरा जागा झाली की एकदाच पुढे जा आणि हाफ क्लचवर लटकू नका. चढताना खालचा गिअर घ्या. पुष्कळ गाड्यांत पाणी फिरवणारा पंप इंजिनच्याच फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे वरच्या गिअरमध्ये गाडीला रडवत चढवणं सगळ्यांत वाईट.

हीटर लावला आणि काटा वर असूनही हवा थंडच आली, तर? तर खेळ संपला. याचा अर्थ कूलंट तिथवर पोचतच नाहीये. वाफ दिसली किंवा लाल दिवा स्थिर झाला, तरीही तेच. मग कुठलाच जुगाड नाही. सुरक्षित जागा गाठून इंजिन बंद.

'सुरक्षित जागा' हे शब्द लिहायला सोपे आहेत. बोरघाटात एक्सप्रेस-वेला प्रत्येक ठिकाणी कडेला ऐसपैस पट्टी नाही, वळणं आंधळी आहेत, आणि तुमच्या आजूबाजूला माल भरलेले ट्रक धापा टाकत असतात. इथे माझं मत स्पष्ट आहे: इंजिन आणि माणूस यांत निवड करायची वेळ आली तर इंजिन जाऊ द्या. बोगद्यात, वळणाच्या ऐन पोटात किंवा मधल्या लेनमध्ये थांबण्यापेक्षा आणखी थोडं सरपटत जाऊन डावीकडची मोकळी जागा गाठलेली बरी, मग हेड गेलं तरी बेहत्तर. थांबल्यावर चारही इंडिकेटर लावा. सगळ्यांनी डावीकडच्या दारांनी उतरायचं आणि शक्य असेल तिथे कठड्याच्या पलीकडे, गाडीपासून लांब उभं राहायचं. गाडीत बसून मदतीची वाट बघणं आणि गाडीमागे उभं राहून फोनवर बोलणं, दोन्ही जिवावर बेतू शकतं. लाल त्रिकोण मागे शक्य तितका लांब ठेवायचा, तोही कडेकडेने चालत जाऊन, मागून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड ठेवून. आणि ११२ लावायचा. फोनवर सांगायला जवळचा किलोमीटरचा दगड किंवा फलक बघून ठेवा. 'घाटात आहे' एवढ्याने कोणाला काही कळत नाही.

उतारावर तोंड असेल तर इंजिन बंद करून गाडी घरंगळत न्यायचा सल्ला एखादा हौशी देईलच. नाही. इंजिन बंद म्हणजे ब्रेक दगडासारखे होतात आणि स्टिअरिंग जड. घाटात या दोन गोष्टींशिवाय आपल्याकडे दुसरं आहेच काय?

'पाच मिनिटं म्हणजे बोगद्यापासून'

हा लेख लिहायचा म्हणून मे महिन्यातला एक रविवार मी खोपोलीबाहेर जुन्या हायवेवरच्या एका गॅरेजात काढला. पत्र्याची शेड, एक पाण्याचा पिंप, पाइपांची वेटोळी, भिंतीवर देवांची दोन कॅलेंडरं. चालवणारे मिस्त्री पन्नाशीपुढचे, तीस वर्षं घाटाखाली. दुपारी दोनपर्यंत चार गाड्या आल्या, चारही तापलेल्या.

"कधीपासून दिवा होता?" हा त्यांचा पहिला प्रश्न. उत्तरही ठरलेलं. "आत्ताच. पाच मिनिटं झाली असतील." मिस्त्री माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "ताई, पाच मिनिटं म्हणजे बोगद्यापासून."

तिसरी गाडी एका कुटुंबाची. ठाण्याहून निघालेलं जोडपं, शाळकरी मुलगी आणि मागे आजी. जुन्या रस्त्याने शिंग्रोबाला नाणं टाकून पुढे जायचा आजींचा आग्रह, म्हणून या बाजूला आलेले. बॉनेटच्या फटीतून वाफ. मिस्त्री पुढच्या गाडीखाली होते, तेवढ्यात त्या गृहस्थांनी नॅपकिन हाताला गुंडाळला, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"ओ साहेब! हात काढा आधी!" मिस्त्री गाडीखालून ओरडतच बाहेर आले.

"अहो, फक्त बघतोय, पाणी आहे की नाही."

"आहे की नाही ते तीच दाखवेल तुम्हाला. तोंडावर."

मग त्यांनी शर्टाची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गुळगुळीत, चकचकीत, जणू कोणी इस्त्री फिरवली असावी. शिकाऊ असतानाची, सोळाव्या वर्षाची खूण. तो मघाचा कुकर आठवतोय? चालू कुकरचं झाकण आपण ओढत नाही. दाबाखालचं शंभर अंशांच्या वरचं पाणी झाकण सैल होताक्षणी वाफ होऊन उसळतं, आणि नॅपकिन त्याला अडवू शकत नाही. किमान अर्धा तास. वाफ चालू असेल तर बॉनेटसुद्धा उघडायचं नाही. आणि बॉनेट उघडल्यावर फॅनजवळ हात, केस, ओढणी काही न्यायचं नाही, कारण इंजिन बंद असलं तरी इलेक्ट्रिक फॅन स्वत:च्या मर्जीने अचानक सुरू होतो. हे ऐकल्यावर मी माझी ओढणी गळ्यातून काढून सॅकमध्ये कोंबली.

मुलगी बाटलीतलं फ्रिजचं पाणी इंजिनावर ओतायला निघाली होती, तिलाही मिस्त्रींनी थांबवलं. "तापलेल्या तव्यावर गार पाणी टाकलं की कसं चर्र होतं? तवा लोखंडाचा, तो सोसतो. हे अॅल्युमिनियम आहे, बाळा. वाकडं होतं, तडकतं."

तर अर्धा तास. खुर्च्या बाहेर आल्या, पिंपातलं पाणी आलं, समोरच्या टपरीवरून चहा आला. आजी पदराने वारा घेत म्हणाल्या, "मी केव्हाची सांगतेय याला, काहीतरी वास येतोय म्हणून."

"आई, तो ट्रकच्या ब्रेकचा वास होता. घाटात येतोच."

"करपल्याचा नव्हता रे. गोडसर होता. लहान मुलांच्या औषधासारखा."

मिस्त्री हसले. कूलंटचा वास गोडसरच असतो. आजींनी काटा हलायच्या कितीतरी आधी बरोबर निदान केलं होतं, पण गाडी चालवणाऱ्याचं मागच्या सीटकडे लक्ष कुठे असतं? गाडी निवल्यावर झाकण उघडलं, तर पाणी तळाला गेलेलं. खालच्या होज पाइपला क्लिपजवळ बोटाच्या पेराएवढी चीर. मिस्त्रींनी पाइप बदलला आणि लगेच पाणी न भरता आधी इंजिन ऑइलची पट्टी ओढून तिचं टोक उन्हात धरून पाहिलं. ऑइल दुधी, कॉफीसारखं झालं असेल तर पाणी त्यात शिरलंय, म्हणजे हेड गॅस्केट फुटली. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहणं हीसुद्धा तीच खूण. इथे ऑइल काळं, स्वच्छ काळं होतं. मग हळूहळू पाणी भरलं, गाडी सुरू करून आतली हवा काढली, पुन्हा भरलं, फॅन लागतोय का ते बघितलं. बिल हजाराच्या आत. "हे साधं पाणी घर गाठण्यापुरतं. उद्या कूलंट भरून घ्या. आणि कंपनीने सांगितलंय तेच, रंग बघून काहीही मिसळू नका."

चौथी गाडी टो होऊन आली. एकटाच मुलगा होता, माझ्याच वयाचा, हिंजवडीत नोकरीला. दिवा पेटला तेव्हा चेक-इनची वेळ टळत होती, म्हणून खेचत राहिला. गाडीने आधी ताकद सोडली, मग खडखड आवाज, मग रस्त्यातच बंद. ऑइलच्या पट्टीवर कॉफी. मिस्त्रींनी त्याला रागावलंही नाही, नुसतं "इंजिन खोलावं लागेल" म्हणाले आणि हात पुसायला घेतले. पाइपाच्या जागी हेड काढून फेसिंग, गॅस्केट, कदाचित आणखी काही. खर्च हजारांवरून कितीतरी हजारांवर आणि गाडी किमान आठवडाभर खोपोलीत. तो पिंपापाशी उभा राहून बराच वेळ कोणाला तरी फोनवर समजावत होता.

निघण्याआधी

घाट काही फक्त बोरघाट नाही. कसारा, माळशेज, ताम्हिणी, आंबोली... वीकेण्डची यादी मोठी आहे आणि यांतल्या काही वळणांवर मोबाइलला रेंजही नसते. पावसाळ्यात गार हवा असते म्हणून निर्धास्त राहू नका, लाँग वीकेण्डच्या जॅममध्ये तासभर सरपटणारी गाडी ऑगस्टमध्येही तापते. एखादी उडून आलेली प्लॅस्टिकची पिशवी पुढच्या जाळीवर बसली तरी पुरतं. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी फार हसू नये. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीसाठीही कूलंट फिरतं, आणि ती फार तापली की गाडी स्वत:हून ताकद कमी करते.

दुखणं कुठे आहे याचा अंदाज घाटात जायच्या आधी शहरातच येतो. सिग्नलला उभी असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, म्हणजे संशय फॅनवर. उलट, मोकळ्या रस्त्यावर पळताना किंवा फ्लायओव्हर चढताना चढतो, तर कूलंट नीट फिरत नाहीये. थर्मोस्टॅट, पंप नाहीतर बुजलेला रेडिएटर. पार्किंगमध्ये गाडीखाली हिरवट किंवा गुलाबी थेंब दिसले तर ते ए.सी.चं पाणी नाही. ए.सी.चं पाणी बिनरंगाचं असतं. गॅरेजवाल्याला 'गाडी गरम होते' एवढंच सांगण्यापेक्षा 'कधी' होते ते सांगा, त्याचं अर्धं काम होतं.

घाट चढायच्या आधी खालापूरच्या आसपास फूड मॉलवर थांबायचं असेलच, तर ए.सी. चढाच्या दोन मिनिटं आधी बंद करून बघा, काटा कुठे आहे ते नीट पाहून घ्या आणि मगच वडा-पाव. गाडीत दोन लिटरच्या दोन बाटल्या साध्या पाण्याच्या असू द्या, पिण्याच्या वेगळ्या.

आणि शुक्रवारी रात्री नाही, शनिवारी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडून ती अर्धपारदर्शक छोटी टाकी बघा. तिच्यावर 'मिन' आणि 'मॅक्स' अशा दोन रेघा असतात, कूलंट त्यांच्या मधे हवं. झाकण उघडायचीही गरज नाही, बाहेरून दिसतं. दर महिन्याला ते कमी होत असेल तर टॉप-अप करून गप्प बसू नका, कुठेतरी गळतंय. टाकी कुठली तेच कळत नसेल, तर सोसायटीत सकाळी गाड्या धुणाऱ्या मुलाला विचारा. बिल्डिंगमधल्या कोणाच्या गाडीखाली थेंब पडतात, हेही त्याला ठाऊक असतं.